पाण्यातली पावडर कमी करू नका, फिश टँकच्या झाडांना लोह द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांपुढे एक विषय मांडते आहे. वरवर तो छंदाचा वाटेल, पण त्याची एक बाजू थेट पिण्याच्या पाण्याशी जोडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत आता अनेक घरांत फिश टँक दिसतो. पूर्वी त्यात प्लास्टिकची झाडे आणि बुडबुडे सोडणारा शिंपला एवढेच असायचे. आता मुले खरी झाडे लावतात: व्हॅलिस्नेरिया, कॅबोम्बा, जावा मॉस, अनुबियास. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र महिन्या-दोन महिन्यांत ही झाडे पिवळी पडतात, कॅबोम्बाची पाने गळून नुसत्या काड्या उरतात, आणि मग सगळ्यांच्या तोंडी एकच कारण असते. आमच्या शेजारचा कॉलेजातला मुलगा मला म्हणाला, "काकू, नळना पानीमा दवाई ऱ्हास, तेनामुये झाडं मरी जातस." म्हणजे नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनच्या औषधाने झाडे मरतात. मासे विकणाऱ्या एका दुकानदारानेही त्याला हेच सांगितले होते आणि बोअरचे पाणी भरायचा सल्ला दिला होता.

ही समजूत गल्लीपुरती राहिली असती तर मी पत्र लिहिले नसते. पण आमच्या भागातल्या एका इमारतीच्या बैठकीत, खालच्या हौदात टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी, क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकणे बंद करावे असा विषय निघाला आणि त्याला जोडलेल्या कारणांत 'फिश टँकमधली झाडे जळतात' हेही होते. मी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली आहे. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, मोजणे हे त्या कामातले माझे सर्वांत आवडते काम होते. त्यामुळे हे ऐकून मला गप्प बसवले नाही.

आधी क्लोरीनचे पाहू. भारतीय मानक आयएस 10500 नुसार निर्जंतुक केलेल्या पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत पोहोचताना लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरायला हवा आणि दुसरा चांगला स्रोत नसेल तेव्हाही तो 1 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. हा उरलेला क्लोरीन माशांना नक्कीच घातक आहे, कारण तो त्यांचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये जे उपयोगी जिवाणू वाढतात तेही त्याने मरतात आणि मग अमोनिया साठतो. झाडे मात्र यांच्या मानाने चिवट. नळाला राहतो तेवढ्या क्लोरीनने बहुतेक पाणवनस्पतींना काही होत नाही. नाजूक मॉस किंवा बारीक पानांची झाडे फिकी पडू शकतात, तीही पाइप थेट टँकमध्ये सोडून निम्मे पाणी एका दमात बदलले तर.

शिवाय आपल्या खान्देशातला पाणीपुरवठा कसा आहे ते लक्षात घ्या. बहुतेक गावांत पाणी रोज येत नाही. ते येते तेव्हा हौद, ड्रम, गच्चीवरची टाकी, हंडे, कळश्या सगळे भरून ठेवायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलेल्या पाण्यातला मुक्त क्लोरीन हवेत निघून जातो. ऊन लागले तर आणखी लवकर जातो. झाकलेल्या टाकीत वेळ लागतो, पण तोही दिवसागणिक कमी होतच असतो. म्हणजे आपण टँकमध्ये जे पाणी ओततो त्यातला क्लोरीन बहुधा आधीच संपलेला असतो. ज्यांचा विश्वास बसत नसेल त्यांनी ओटी टेस्ट करून पाहावी. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक हीच चाचणी करतात. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे होते. ते द्रावण विषारी असते, म्हणून चाचणीचे पाणी टँकमध्ये परत ओतू नये आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये.

शेजारच्या त्या मुलाच्या ड्रममधल्या पाण्याला पिवळेपणाची छटासुद्धा आली नाही. तरी त्याची झाडे पिवळीच होती.

मग त्याने मला पुरावा म्हणून व्हॅलिस्नेरियाची पाने दाखवली. पानांवर पांढरट, खरखरीत थर होता. "ही बघा पावडर," तो म्हणाला. दिसायला तसेच दिसते, आणि ही समजूत इतकी का पसरली आहे ते मला त्या पानावरून कळले. मी एक पान बाहेर काढून बशीत ठेवायला लावले आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकायला सांगितले. बारीक फेस आला. तो थर चुन्याचा होता, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि तो झाडाने स्वतःच तयार केला होता. झाडाला अन्न बनवायला कार्बन डायऑक्साइड लागतो. कठीण, अल्कधर्मी पाण्यात तो विरघळलेल्या स्वरूपात फारच थोडा असतो. व्हॅलिस्नेरिया आणि आपल्या नदीतली हायड्रिला यांना दुसरी सोय आहे: त्या पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात. तसे करताना पानालगतच्या पाण्याचा सामू (पीएच) वाढतो आणि चुना पानावरच बसतो. कॅबोम्बाला हे जमत नाही. म्हणून आपल्याकडच्या पाण्यात व्हॅलिस्नेरिया पांढरी होऊनही तग धरते आणि कॅबोम्बा उपाशी मरते.

हा चुना येतो कुठून? आपल्या पायाखालच्या दगडातून आणि मातीतून. सगळा खान्देश काळ्या बेसाल्टवर आणि तापीने आणून टाकलेल्या गाळावर बसला आहे. बेसाल्ट झिजताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सुटते, गाळाच्या थरांत चुनखडीचे खडे असतात. पाणी जितका काळ या थरांत मुरून राहते तितके ते कठीण होते. म्हणून बोअरचे पाणी साधारणपणे धरणाच्या पाण्यापेक्षा कठीण असते. प्रयोगशाळेत विद्यार्थी आपापल्या घरचे पाणी बाटलीत आणत. कठीणपणा मोजायला त्यात ईडीटीए हे रसायन ब्युरेट नावाच्या मापाच्या नळीतून थेंबथेंब सोडताना अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येणाऱ्या वाघूरच्या धरणाचे पाणी थोड्याच ईडीटीएने वाइनसारख्या लाल रंगावरून निळे होई. बोअरच्या बाटलीला मात्र ब्युरेट रिकामी होत जाई आणि मुले पुन्हा पुन्हा विचारत, "मॅडम, अजून निळं का होत नाही?" मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि पर्याय नसेल तर 600 पर्यंत चालतो. यातल्या वरच्या टोकाचे पाणी आपण पिऊ शकतो, पण कॅबोम्बा त्यात जगायची नाही. क्लोरीन टाळायला म्हणून बोअरचे पाणी भरणारा माणूस एका दिवसात उडून जाणारी गोष्ट सोडतो आणि कधीच न उडणारी गोष्ट टँकमध्ये आणतो.

उडण्यावरून उन्हाळा आठवलाच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला जातो तेव्हा टँकमधले पाणी डोळ्यांदेखत खाली जाते. लोक वरून नळाचे पाणी टाकून पातळी भरून काढतात. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. प्रत्येक भरणीबरोबर आणखी क्षार येतात. कूलरच्या गवतावर मे अखेरीस जो पांढरा कडक थर दिसतो, तो याच हिशेबाने जमलेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात घटलेले पाणी आरओच्या पाण्याने भरावे, आणि पाणी बदलायचे असेल तेव्हा थोडे जुने काढून दिवसभर ठेवून दिलेले नळाचे पाणी घालावे. संपूर्ण टँक आरओच्या पाण्याने मात्र भरू नये. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळजवळ नसते, सामूला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि झाडे दुसऱ्या टोकाने उपाशी राहतात. नव्या इमारतींत मीठ घालून चालणारे सॉफ्टनर बसवतात, ते पाणीही या कामाचे नाही. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम येते. साबणाला फेस छान येतो, झाडाला त्याचा उपयोग शून्य.

आता मूळ मुद्द्यावर येते. शुद्धीकरण केंद्रात पाण्यात काय घातले जाते याचीच चर्चा सगळे करतात. पाण्यातून काय काढून घेतले जाते याकडे कोणी पाहत नाही. धरणाचे किंवा नदीचे गढूळ पाणी आले की आधी ते हवेत उसळवतात, मग तुरटी घालतात. तुरटीमुळे बारीक मातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात. त्या मातीबरोबर फॉस्फरसही बराचसा जातो, कारण ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवते. हवा आणि क्लोरीन यांच्यामुळे विरघळलेल्या लोहाचा गंज होतो आणि तो वाळूच्या थरात अडकतो. माणसाच्या दृष्टीने हे अगदी योग्य आहे. लोहाने कपडे तांबडे होतात, गढूळ पाण्यात रोगजंतू लपतात, ते सगळे निघायलाच हवे. पण नदीकाठच्या गाळात रुजलेल्या हायड्रिलाला जे आयते मिळते, ते या स्वच्छ पाण्यात उरत नाही. त्यात आपल्या पाण्याचा सामू साडेसातच्या पुढे असला की उरलेसुरले लोहही झाडाला घेता येत नाही. धुतलेली रेती, स्वच्छ नळाचे पाणी आणि वर दहा तास एलईडीचा उजेड, एवढ्यावर झाड किती दिवस निघेल?

याची खूण आपल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या दिसल्या की चुनखडीच्या जमिनीत पीक घेणारा माणूस लोह कमी पडल्याचे ओळखतो आणि हिराकस (फेरस सल्फेट) किंवा चिलेटेड लोह, म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवल्यामुळे विरघळलेले राहणारे लोह, देतो. कपाशीची पाने लाल पाडणारा लाल्या आला की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी त्याला माहीत असते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत जे ज्ञान रोज वापरले जाते ते घरातल्या काचेच्या टँकपर्यंत आले तर निम्मी झाडे वाचतील. टँकमध्येही नवे पान पिवळे असेल तर लोह, जुने पान सबंध पिवळे होऊन गळत असेल तर नत्र, जुन्या पानांना बारीक भोके पडून कडा पिवळ्या होत असतील तर पालाश, असा अंदाज बांधता येतो.

लोह देताना मात्र कोणतेही मिश्रण ओतू नका. हिराकस आपल्या पाण्यात टाकली तर काही वेळात तांबूस गाळ होऊन तळाशी बसते. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या चिलेटेड लोहात ईडीटीएचे असेल तर आपल्या अल्कधर्मी पाण्यात ते फार टिकत नाही. ईडीडीएचएचे टिकते, पण पाण्याला लालसर रंग येतो, त्याने घाबरू नये. मात्रा अगदी कणभर. सूक्ष्म अन्नद्रव्यांची शेतीसाठीची तयार मिश्रणे टँकमध्ये मुळीच नको, कारण त्यात तांबे असते आणि ते माशांना, त्याहून जास्त कोळंबीला आणि गोगलगायींना मारते. शेजारच्या मुलाने फक्त लोह दिले आणि मुळाशी थोडी माती घातली. जुनी पाने सुधारली नाहीत, ती सुधारत नसतातच. नवी पाने हिरवी आली.

आणि आपल्या पाण्याला साजेशी झाडे निवडायला काय हरकत आहे? व्हॅलिस्नेरिया आपल्या देशातली आहे, हायड्रिला आपल्या नद्यांत आहे, ओलसर काठावर वाढणारी ब्राह्मी पाण्याखालीही नीट जगते. जावा फर्न आणि अनुबियास कठीण पाणी सहज सोसतात. परदेशी कॅबोम्बाला मऊ पाणी हवे असते, तिच्यासाठी महागडी द्रावणे आणत बसण्यापेक्षा ब्राह्मीची जुडी लावावी असे माझे स्पष्ट मत आहे. छाटलेली झाडे मात्र नदी-नाल्यात टाकू नका. जलपर्णीने आपल्या पाण्याचे काय केले आहे ते समोर दिसते आहे. उन्हात वाळवून कुंडीत घाला.

क्लोरीन कधीच त्रास देत नाही असे मी म्हणत नाही. मृगाचे पहिले जोराचे पाऊस झाले की धरणात गढूळ लोंढा येतो, तुरटी आणि क्लोरीन दोन्हींची मात्रा वाढवावी लागते. जलकुंभाच्या जवळच्या घरांत क्लोरीन जास्त पोहोचतो, शेवटच्या टोकाला कमी. टंचाईत टँकर येतो तेव्हा पावडर अंदाजाने पडते, त्या पाण्याचा वास नाकाला झोंबतो. अशा पाण्यासाठी सोपा उपाय आहे: सोडियम थायोसल्फेट. जुने फोटोग्राफर याला हायपो म्हणतात. 1 मिलिग्रॅम क्लोरीन निकामी करायला साधारण 7 मिलिग्रॅम हायपोचे स्फटिक पुरतात. म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या 100 लिटर पाण्याला एक ग्रॅमही लागत नाही. बादलीत आधी विरघळवून मग पाणी टँकमध्ये घालावे. उन्हाळ्याच्या शेवटी धरणाचा तळ गाठला की कच्च्या पाण्यात अमोनिया असू शकतो. तो क्लोरीनशी जुळून क्लोरामाइन तयार होते आणि ते नुसते पाणी ठेवून जात नाही. तिथेही हायपो चालतो. सुटलेला अमोनिया थोडा असेल तर झाडेच तो खाऊन टाकतात, झाडे असण्याचा हा मोठा फायदा. डासांसाठी आरोग्य विभागाचे कर्मचारी गप्पी मासे देतात, त्यांनाही हाच नियम. नुकतीच पावडर टाकलेल्या हौदात ते सोडले तर मरणारच. वापरात नसलेल्या, मुरलेल्या पाण्यात सोडा.

पण हौदातली पावडर बंद करण्याची मागणी कृपा करून कोणी करू नये. 1908 मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीने शहराच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन घालायला सुरुवात केली, आणि ही पद्धत जिथे जिथे गेली तिथे विषमज्वर, पटकी मागे हटली. आपल्याकडे जलवाहिन्या आणि गटारी शेजारी-शेजारी जातात. पाणी पाळीने येते, म्हणजे मधल्या काळात पाइप रिकामा असतो आणि गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. त्या घाणीशी लढायला नळापर्यंत उरलेला तेवढा क्लोरीनच असतो. पावसाळ्यात गावोगाव गॅस्ट्रोच्या बातम्या आपणच छापता. माझ्या माहेरच्या गावात पटकीने घरेच्या घरे बसल्याचे आजी सांगायची. बादलीत पाणी रात्रभर ठेवून जो प्रश्न सुटतो, त्यासाठी सगळ्या इमारतीच्या लेकरांचे पाणी धोक्यात का घालायचे? टीसीएल ताजी असताना तिच्यात 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन मिळतो, गोणी उघडी आणि ओलीत राहिली तर तो झपाट्याने घटतो. बैठकीत विषय घ्यायचाच असेल तर गोणी कुठे ठेवली आहे, तोंड बांधले आहे का, हौद कधी धुतला, हा घ्यावा.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या महापालिका आणि नगरपालिकांना माझी विनंती आहे की पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाबरोबर चार आकडेही जाहीर करावेत: उरलेला क्लोरीन, सामू, एकूण कठीणपणा आणि गढूळपणा. शुद्धीकरण केंद्रात पाणी तपासले जाते, नोंदवहीत आकडे असतात. क्लोरीनची मात्रा वाढवणार असतील त्या आठवड्यात तेवढी एक ओळ जास्त. फिश टँकवाल्याला त्याचा उपयोग आहेच, घरी डायलिसिसचा रुग्ण असलेल्यांना, कूलर आणि गीझर दुरुस्त करणाऱ्यांना, लहान बाळ असलेल्या आईलाही आहे. कुठल्या टोकाला क्लोरीन शून्य येतो हे लोकांनाच कळले तर तिथली गळतीही लवकर सापडेल.

आणि आपल्याला विनंती अशी की गिरणा, वाघूर, हतनूरचा धरणसाठा आपण छापता, त्याच चौकटीत या चार आकड्यांना जागा द्यावी. शाळांतले विज्ञान शिक्षक मुलांसमोर स्वतः ओटी टेस्ट करून आपल्या वॉर्डाचा आकडा त्याच्याशी ताडून पाहू शकतील. त्यासाठी कोणत्याही शाळेला माझी मदत लागली, तर मी आनंदाने येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, जळगाव